चौकोनातले टिंब

वाचकहो, पुढील पानांत मी एका कागदाची हकिगत निवेदन करणार आहे. कागद साधा आहे. वीतभर रुंद, दीड वीत लांब, आणि त्यावर काही चौकोन, काही वर्तुळे व त्यांना जोडणाऱ्या रेघा यांव्यतिरिक्त काही नाही. एकही अक्षर नाही. तरीही जन्मभर अक्षरांची पुस्तके बांधणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला जे कोणत्याही पुस्तकात सापडले नाही ते या कागदावर सापडले, म्हणून हा खटाटोप. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण बाईंडिंगच्या टेबलावर, म्हणजे जो फर्मा, पुष्कळ पाने छापलेला मोठा कागद, घडी घालायला समोर येईल त्याचे वर आलेले पान वाचून. त्यामुळे कित्येक कथांचा मला मध्यच ठाऊक आहे, आरंभ आणि शेवट नाही. या कथेचा मात्र आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही मला ठाऊक आहेत, आणि तिन्ही ठिकाणी मी चुकलेलो आहे, हे आधीच कबूल करतो.

आरंभ एका शब्दाने झाला. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक वऱ्हांड्याच्या टोकाशी एक लहानशी खोली आहे. तिथे टेबलाचा एक पाय आखूड असल्याने त्याखाली कागदाची जाड घडी सरकवलेली होती, आणि घडी घालणाऱ्याला कागदाची दिशा, म्हणजे तो कोणत्या बाजूने सरळ दुमडतो ते, कळत नव्हती हे मला बसल्याबसल्या दिसले. समोरच्या बाई डॉक्टर नव्हेत. घराण्यातून उतरत येणाऱ्या दोषांचा माग काढणे हे त्यांचे काम. वयाने माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्यांनी कोरा कागद ओढला, केसांत खोवलेली पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, "पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. माणूस हयात नसेल तर वरून तिरकी रेघ. आणि ज्याला हा त्रास आहे त्याचं चित्र आतून भरायचं. एवढंच आहे, घाबरू नका." मग कागदाच्या तळाशी त्यांनी एक वर्तुळ काढले आणि ते भरू लागल्या. पेन्सिलीचे शिसे कागदावर घासल्याचा आवाज येत होता. ते वर्तुळ म्हणजे माझी मुलगी. ती माझ्या शेजारी, मांडीवर पिशवी ठेवून बसली होती आणि आपल्याला काळे होताना पाहत होती. भरून झाल्यावर बाईंनी वर्तुळाच्या दिशेने एक लहान बाण काढला, म्हणजे शोध इथून सुरू. मग वर रेघ नेऊन त्यांनी माझा चौकोन काढला, त्याच्या बाजूला माझ्या पत्नीचे वर्तुळ, आणि मला विचारले, "तुम्हाला भावंडं?"

मी म्हणालो, "एकटाच."

मुलीची मान माझ्याकडे वळली. बाईंच्या पेन्सिलीने माझ्या चौकोनाच्या दोन्ही बाजूंना पांढरी जागा सोडली आणि वर जाऊन माझ्या आईवडिलांना तिरक्या रेघा दिल्या. "आईवडिलांना दिसायचं कसं?" "उत्तम," मी म्हणालो, "आई बटणांच्या कारखान्यात बटणं निवडायची. चाळीस वर्षं." हे मी अभिमानाने सांगितले, आणि त्यात खोटे काही नव्हते, निदान तोवर नव्हते.

वास्तविक इथवर येण्याचे कारण फार किरकोळ होते. माझी मुलगी मुद्रितशोधक आहे. ज्या छापखान्यात मी एकेचाळीस वर्षे पुस्तके बांधली त्याच छापखान्याच्या वरच्या खोलीत ती खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या चुका शोधते, आणि मला तिच्या या पदाचा इतका गर्व आहे की तिने तपासलेले पुस्तक बांधताना मी चिकटवायची खळसुद्धा दोनदा गाळून घेतो. गेल्या थंडीत सुटण्याच्या वेळी ती जिन्याशी लावलेल्या सायकलीवर जाऊन आदळली. सायकल रोज तिथेच असे. पंधरा दिवसांनी पुन्हा आदळली. सगळे हसले, तीही हसली. तिसऱ्या वेळी ती हसली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा लावून आत पाहिले, पाहतच राहिले, आणि मग म्हणाले की कडेची नजर मिटत चालली आहे, तिन्हीसांजेला अधिक, औषध नाही, आणि हा दोष बहुधा घरातून येतो, तेव्हा वरच्या मजल्यावर जाऊन तक्ता काढून घ्या. सुरुवात कुणाला लवकर होते, कुणाला उशिरा, आणि किती वेगाने वाढते तेही घराण्याघराण्यावर असते, म्हणजे आधीच्या माणसांचे काय झाले यावरून पुढचा अंदाज येतो. त्यासाठीच तो सगळा उद्योग होता. आणि त्या उद्योगात मी माझी सख्खी बहीण खोडून टाकली. खोडली असेही नाही, काढूच दिली नाही.

माझे वस्ताद, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, ते एकदा एका गिऱ्हाइकाच्या जुन्या ग्रंथाला नवे पुठ्ठे घालत होते. मधला एक फर्मा गहाळ होता, सोळा पाने. मी तेव्हा नवखा होतो. म्हणालो, गिऱ्हाइकाला सांगायला हवे. वस्तादांनी त्याच जातीचा कोरा कागद घेतला, सोळा पानांची घडी घातली, शिवणीत मधोमध बसवली आणि म्हणाले, "कणा भरलेला दिसला पाहिजे. लोक पुस्तक कपाटात बघतात, उघडून बघतो कोण?" या विद्येचा मी धंद्यात एकदाही उपयोग केला नाही, हे शपथेवर सांगतो. घरात मात्र चौदा वर्षे मी दुसरे काही केलेले नाही. "एकटाच" हा शब्द इतक्या सफाईने निघाला की माझे मलाच कौतुक वाटले. जणू शिवणीचा दोरासुद्धा दिसू नये.

परिणाम लगेच दिसला. बाई तक्त्याकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या बाजूला कुणालाच नाही. मग कदाचित दोन्हीकडून अर्धं अर्धं आलं असेल. आईकडच्यांची नीट चौकशी करा." घरी आल्यावर ही बातमी पत्नीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "तुमच्याकडचं नाही म्हणजे आमच्याकडचं. हे काय, नेहमीचंच." पण रात्रीच्या जेवणापर्यंत तिचा चेहरा उतरला. तिने आपल्या माहेरची मेलेली माणसे एकेक करून उठवली. तिच्या मामाचा एक डोळा काचेचा होता, तो लहानपणी लागलेल्या दगडाने गेला होता हे तिला पक्के ठाऊक होते, तरी ती मला विचारू लागली की दगड नक्की लागला होता ना, की मोठ्यांनी तसे सांगितले. "माझ्यामुळे झालं असेल का हो तिला?" मुलगी समोर बसली होती. पाणी प्यायला तिने हात पुढे केला, पेल्याच्या अलीकडे टेबल चाचपले, मग पेला सापडला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आत्याचं वर्तुळ का नाही काढू दिलंत?"

"त्याची काय गरज."

"मला आहे." मग थोड्या वेळाने, "मला फार मोठं काही नकोय. मी किती वर्षं वाचू शकेन एवढंच कळायला हवंय. पाच असतील तर पाच. त्याप्रमाणे बघेन मी."

पाच असतील तर पाच, हे वाक्य तिने ज्या आवाजात उच्चारले तो आवाज मी ओळखला. तो माझ्या आईचा होता. आई असेच बोलत असे, दुकानदाराशी, मुकादमाशी, दैवाशी. संध्याकाळी साडेसहाला बटणांच्या कारखान्याचा भोंगा होई. शाळा सुटल्यावर मी दप्तरासह फाटकाशी जाऊन उभा राही, कारण घरी एकटा राहिलास तर उनाड होशील असे तिचे मत. वडील माझ्या आठवणीत नाहीतच, म्हणजे खुंटीवरचा एक कोट एवढेच आहेत. भोंगा झाला की बायका बाहेर पडत, आणि आई नेहमी शेवटी, एक हात भिंतीला लावून, सावकाश, एखाद्या राणीसारखी. तिच्या बोटांना शिंपल्याच्या भुकटीचा वास येई. ती माझा हात धरी. किती घट्ट धरी म्हणून सांगू, बोटे दुखत. इतर मुलांच्या आया पुढे चालत आणि मुले मागून रेंगाळत. माझी आई मला एक क्षण सोडत नसे, आणि मी मनात म्हणे की हिच्याइतका जीव कोणाचा कोणावर नसेल. आणि मग आमचा खेळ सुरू होई. "हं, सांग, काय दिसतंय?" मी सांगत सुटे. पुढे खड्डा आहे, डावीकडे. दोन पायऱ्या. एक हातगाडी, तिचा दांडा बाहेर आला आहे. कुत्रे झोपले आहे. दगड. ओली जागा. म्हातारा येतो आहे, त्याच्या हातात काठी. घराच्या दारात पोचलो की ती मार्क देई. दहापैकी सहा, दिव्याचा खांब विसरलास. दहापैकी सात. मी आठच्या आशेने रस्ता असा न्याहाळी की अजूनही तो मला दगडादगडाने पाठ आहे. मला जे काही वर्णन करता येते ते त्या रस्त्याने शिकवले. शाळेने फक्त अक्षरे दिली. मग एका संध्याकाळी, मी पंधरावे पुरे करीत होतो आणि बाईंडिंगच्या कामाला लागून वर्ष झाले होते, तिने दारात उभे राहून माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दहापैकी दहा. पुरे झालं आता." दुसऱ्या महिन्यापासून तिने सकाळची पाळी घेतली आणि तो खेळ संपला. दहा मार्क मिळाल्याचा आनंद मला झालाच नाही. आठवर थांबलो असतो तर खेळ चालू राहिला असता, असे मला किती तरी वर्षे वाटत असे. खळ ढवळताना, दाबयंत्राचे चाक फिरवताना एकाएकी वाटे, की माझे काय चुकले होते.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती तेव्हा घरात काय करी हे आठवायला गेलो तर दिवा लावलेली खोली आणि तिचा पाठमोरा आकार एवढेच येते. ती संध्याकाळी कधी बाहेर पडत नसे. मैत्रिणी बोलवायला आल्या तर म्हणे, मला कंटाळा आहे. आळशी म्हणून आम्ही तिला चिडवत असू. आई मात्र कधी चिडवत नसे, हे आता ध्यानात येते. तिचे लग्न झाले, नवरा वारला, आई तिच्याकडे राहायला गेली. आणि चौदा वर्षांपूर्वी, संध्याकाळी, ताईच्या बिऱ्हाडाच्या जिन्यावरचा दिवा गेलेला असताना, दोघी वरून खाली उतरत होत्या आणि आई पडली. ताई तिच्या एक पायरी पुढे होती. खुब्याचे हाड मोडले. तीन महिन्यांनी आई गेली. इस्पितळाच्या वऱ्हांड्यात, लोकांच्या देखत, मी ताईला म्हणालो, "धडधाकट बाई तू, म्हातारीचा एक हात धरता आला नाही? लक्ष कुठं होतं तुझं?" ती भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "लक्ष तिथंच होतं रे." मला ते निर्लज्जपणाचे वाटले. तिच्याशी बोललेले ते माझे शेवटचे वाक्य. तेराव्या दिवसानंतर तिची दोन पत्रे आली. ती मी फोडली नाहीत. फेकलीही नाहीत, हेही खरे. एका जाड हिशेबवहीच्या पुठ्ठ्याच्या आत, अस्तराखाली, चिकटवून ठेवली. बाईंडर माणसाला वस्तू नाहीशी करायची असेल तर तो अशीच करतो.

त्या जेवणानंतर चार दिवसांनी, दुपारची वेळ साधून, मी ताईकडे गेलो. चौदा वर्षांनी त्याच जिन्यापाशी उभा राहिलो आणि माझा पाय उचलेना, कारण प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेला होता. तळापासून वरपर्यंत. रंग जुना, ठिकठिकाणी उडालेला, पुन्हा भरलेला. दार उघडे होते. मी आत पाऊल टाकण्यापूर्वीच आवाज आला, "चप्पल कडेला काढ, धाकट्या. वाटेत नको. अजून तशीच सवय."

"तुला कसं कळलं मी आहे?"

"डावा पाय घासत चालतोस. लहानपणापासून. ये."

खोलीत प्रत्येक वस्तूला जागा होती. कप पांढऱ्या भिंतीशी नव्हे तर काळ्या फळीवर. काळा चहा पांढऱ्या कपात, दूध निळ्या कपात. खुर्च्या भिंतीला टेकलेल्या, मधली जमीन मोकळी. ताई खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचत होती. केस पार पांढरे झालेले. तिने वर पाहिले, माझ्याकडे नव्हे, माझ्या किंचित डावीकडे, मग मान हलवून मला शोधले, जसे आपण गर्दीत एखाद्याला शोधतो. आणि तिच्या नजरेने मला पकडल्यावर ती हसली. "म्हातारा झालास की रे. टक्कल शोभतं पण."

मी सगळे सांगितले. तक्ता, चौकोन, वर्तुळे, मुलगी, सायकल. "एकटाच" हेही सांगितले. तिने ऐकून घेतले आणि वर्तमानपत्राची घडी घातली. कागदाच्या दिशेने, अचूक.

"एकटाच म्हणालास?"

"हो."

"मग मला सुखाने मरायचीसुद्धा सोय नाही. तिरकी रेघ मारायला वर्तुळ तरी हवं ना." ती हसली आणि मी हसू शकलो नाही. मग ती बोलली, आणि तिच्या बोलण्यात कुठेही रडारड नव्हती. आईला संध्याकाळी दिसत नसे. तरुणपणापासून. कारखान्यात उजेडाखाली बसून समोरचे बटण तिला स्वच्छ दिसे, आणि बोटे तर डोळ्यांहून तयार. पण भोंगा झाला की भिंत. मुकादमाला कळले असते तर काम गेले असते, म्हणून कुणाला सांगायचे नाही. "तुझा हात धरायची ना, ती तुला नेत नव्हती, धाकट्या. तू तिला नेत होतास."

मी म्हणालो, "खेळ होता तो."

"तो माझ्याशीपण खेळायची. तुझ्या आधी. मी नऊ-नऊ मार्क मिळवायची, हुशार होते. अकराव्या वर्षी सात झाले. मग पाच. मग एकदा हातगाडीच्या दांड्यावर दोघी आपटलो, तोंडावर. ती रस्त्यात बसून राहिली. मला म्हणाली, तुला नाही दिसला? मी म्हटलं, नाही. तेव्हा तिला कळलं. दुसऱ्या दिवसापासून मला न्यायची बंद झाली, आणि तू सातचा झालास तसं तुला न्यायला लागली."

खिडकीतून रस्त्यावरचा आवाज येत होता. कुणीतरी लोखंडी पत्रा ओढत नेत होते. ताई म्हणाली, "सकाळची पाळी तिला केव्हाच मिळत होती. मुकादम दरवर्षी विचारायचा. मी भांडायचे, म्हणायचे घे की, कशाला अंधारात धडपडतेस. ती म्हणायची, त्याचं बघून होईपर्यंत नाही. पंधरा पूर्ण होऊ देत. माझं अकराव्याला आलं होतं, तिचं चौदाव्याला. पंधरा पार केलीस म्हणजे सुटलास, असा तिचा हिशेब. ज्या दिवशी तुला दहा दिले ना, त्या दिवशी घरी येऊन ती जेवलीच नाही. बसून राहिली नुसती. मला म्हणाली, एक तरी वाचला."

वाचकहो, पुस्तकांतून मी पुष्कळ ठिकाणी वाचले आहे की अशा प्रसंगी मनुष्याच्या पायाखालची जमीन सरकते. माझी सरकली नाही. उलट ती पहिल्यांदाच पायाला लागली; प्रत्येक दगड, ओली जागा, दिव्याचा खांब, जो मी विसरलो होतो. आठ वर्षे रोज संध्याकाळी ती बाई एका पोराच्या डोळ्यांवर आपला जीव टाकून तो रस्ता ओलांडत होती, आणि त्या पोराच्या प्रत्येक शब्दाला कान देऊन पाहत होती की ते पोर आंधळे होते आहे की नाही. आणि मी आठ मार्कांसाठी हावरटपणा करीत होतो.

"मग जिन्यावर..." मी म्हणालो.

"दिवा गेला होता. तिला दिसत नव्हतं, मला दिसत नव्हतं. मी पुढे होऊन पायाने पायरी चाचपत होते, आणि मागे हात केला होता, तिच्यासाठी. तिचा हात कुठे आहे ते दिसलं नाही." ताईने आपला हात उचलून हवेत मागे धरला, तसाच, आणि खाली ठेवला. "पट्टे मी नंतर ओढले. अक्कल नंतर येते."

"मला सांगितलं का नाहीस? त्या दिवशी?"

"आईने शब्द घेतला होता. तू मोकळा राहावास. तुझ्या मुलीचं लग्नकार्य, तुझं मन. आणि ती गेल्यावर पत्रात लिहिलं होतं की सगळं. वाचलीस ना?"

ताईच्या या प्रश्नाला मी दिलेले उत्तर इथे लिहीत नाही. एवढे सांगतो की घरी गेल्यावर मी ती हिशेबवही काढली, ओल्या फडक्याने अस्तर भिजवले आणि माझ्याच हाताने लावलेली खळ माझ्याच हाताने सोडवायला मला पाऊण तास लागला. खळ चांगली होती.

आता मुख्य प्रश्न. मी तो विचारायला घाबरत होतो, म्हणून तिनेच विचारला. "पोरीला काय हवंय कळायला? मी सहासष्टची आहे. समोरचं दिसतं, नळीतून बघावं तसं. नळी दरवर्षी बारीक होते. पण अक्षर अजून सापडतं. हे आजचं वर्तमानपत्र, बघ, शब्दकोडं सोडवलंय. सुईत दोरा दिवसा ओवते. संध्याकाळी बाहेर पडत नाही, काठी वापरते, आणि दूध निळ्या कपात. एवढंच. सांग तिला." मग म्हणाली, "नाहीतर मीच येते सांगायला. चौदा वर्षं झाली, तिच्या आत्याला तिरकी रेघ बसण्याआधी भेटू दे."

पुढल्या आठवड्यात आम्ही तिघे त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसलो होतो. मी बाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "पेन्सिल त्यासाठीच वापरते मी. पहिल्या वेळी पूर्ण खरं कुणी सांगत नाही." त्यांनी माझ्या चौकोनाशेजारी एक वर्तुळ काढले आणि भरले. मग वर जाऊन, तिरकी रेघ असलेले माझ्या आईचे वर्तुळ, जे मी इतक्या अभिमानाने कोरे ठेवले होते, तेही भरले. आई, ताई, मुलगी. तीन काळी वर्तुळे, आणि मध्ये मी, पांढरा. माझ्या पत्नीच्या बाजूला त्यांनी फुली मारली आणि म्हणाल्या, तिकडचा आता संशय नको. पत्नीचा मामा दगडानेच गेला, म्हणजे त्याचा डोळा. मग बाईंनी माझ्याकडे पाहिले. मला वाटते त्यांना ते काम आवडत नसावे. "काही माणसांच्या अंगात हा दोष असतो, पण आयुष्यभर गप्प बसतो. त्यांना काहीच होत नाही. पण पुढे जातो तो त्यांच्याकडूनच. रक्त तपासून खात्री करू, पण तक्ता तेच सांगतोय." आणि त्यांनी माझ्या चौकोनाच्या बरोब्बर मध्यभागी एक टिंब दिले. पेन्सिल टेकवली, उचलली. काहीच आवाज झाला नाही.

एक तरी वाचला, असे म्हणून जी बाई जेवली नव्हती, तिच्या त्या एका संध्याकाळच्या आनंदाचे हे टिंब झाले. तिचा हिशेब चुकला होता. तिने मला आठ वर्षे तपासले, पण जे तपासायला हवे होते ते रस्त्यावर दिसणारे नव्हते. मी टिंबाकडे पाहत राहिलो. मला वाटले, बरे झाले ती हयात नाही. आणि लगेच वाटले, असती तर तिने ते ऐकून काय केले असते? माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला असता, आणि दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन बाहेर पडली असती. मुलीने माझा हात टेबलाखाली धरला. मी म्हणालो, "माझ्याकडून गेलं तुला." ती म्हणाली, "तुमच्याकडून बरंच काही आलंय, बाबा. डावा पाय मीपण घासते." आणि मग आत्याकडे वळून, "सहासष्टला शब्दकोडं?" ताई म्हणाली, "कालचं एक घर अडलंय. तुला येत असेल तर सांग." माझी मुलगी हसली, सायकलीच्या आधी हसत असे तशी.

खाली उतरून बाहेर आलो तोवर उजेड गेला होता. थंडीचे दिवस लवकर आटोपतात. रस्त्यावरचे दिवे अजून लागले नव्हते. जी वेळ इतरांना सुंदर वाटते ती. फाटकापाशी दोघीही थांबल्या. ताईने काठी आणली नव्हती, कारण अंधार पडण्याआधी परत येऊ असे मी म्हणालो होतो. मी मध्ये झालो. एका बाजूने ताईने दंड धरला, दुसऱ्या बाजूने मुलीने हात, घट्ट, बोटे दुखतील इतका. मग ताई म्हणाली, "हं, सांग. काय दिसतंय?"

शेहेचाळीस वर्षांत मी तो खेळ खेळलो नव्हतो. मग मी सांगू लागलो. तीन पायऱ्या खाली. पुढे डांबर उखडले आहे, उजवीकडून. एक बाई येते आहे, हातात पिशवी. सायकल, कडेला लावलेली. थांबा, दांडा बाहेर आहे. ओली जागा. कुत्रे, जागे आहे, पण आपल्याकडे बघत नाही. थांब्यापर्यंत दोनशे पावले असतील. मी सांगत होतो आणि दोन पावलांचे घासणे ऐकत होतो, एक माझे, एक मुलीचे. थांब्याच्या खांबाला हात लावल्यावर ताई म्हणाली, "दहापैकी सात. गटाराचं झाकण राहिलं, माझा पाय लागला."

मुलगी म्हणाली, "मी आठ दिले असते."

मी दहा मागितले नाहीत. दहा मिळाले की खेळ संपतो, हे मला ठाऊक आहे.

हा कागद मी बांधून ठेवला आहे. एकाच पानाचे पुस्तक बांधणे धंद्याच्या नियमात बसत नाही, तरी चांगला कापडी पुठ्ठा घातला आहे, आणि त्यापुढे काही कोरी पाने शिवली आहेत. ही पाने मात्र लबाडीची नाहीत, पुढे जे कोणी येतील त्यांच्या चौकोनांसाठी व वर्तुळांसाठी ती राखून ठेवली आहेत. आपण आपला अमूल्य वेळ देऊन एका अल्पशिक्षित माणसाचे हे निवेदन शेवटापर्यंत वाचलेत, मध्यच नव्हे, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. आपल्या घरातही कुणी संध्याकाळी हात जरा जास्त घट्ट धरत असेल, तर त्यांना काय दिसते ते एकदा विचारावे, ही नम्र विनंती.

आपला,
छापखान्यात व घरीदारी ‘पुठ्ठेवाले’ याच नावाने परिचित असलेला,
पुठ्ठेवाले